२१९ विधानांवरची बंदी: पॅरिस, १२७७

‘मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ असं विषयाचं नाव सांगितलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पण तेव्हा चर्च विचारच करू देत नव्हतं ना? मग तत्त्वज्ञान कसलं?” प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज मुद्दाम एका बंदीचीच गोष्ट सांगते. गंमत म्हणजे आधुनिक विज्ञान याच बंदीतून जन्मलं, असं म्हणणारेही अभ्यासक होऊन गेले.

७ मार्च १२७७. पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी २१९ विधानांची यादी जाहीर केली. ही विधानं शिकवणारा बहिष्कृत आणि ऐकून घेणाराही बहिष्कृत. सुटका हवी असेल तर सात दिवसांच्या आत बिशपांसमोर किंवा कुलपतींसमोर हजर व्हायचं. यादीसोबत प्रेमकलेवरचा एक ग्रंथ आणि जादूटोण्याची पुस्तकंही बंदीत गेली. पण खरा रोख होता विद्यापीठाच्या कला शाखेतल्या शिक्षकांवर.

हे शिक्षक करत काय होते? तर अ‍ॅरिस्टॉटल शिकवत होते. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डसारख्या भाषांतरकारांनी अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले. त्यापाठोपाठ कोर्दोबाच्या इब्न रुश्दची भाष्यंही आली. निसर्गाविषयीच्या या ग्रंथांवर पॅरिसमध्ये १२१० साली बंदी होती. १२५५ साली मात्र तेच ग्रंथ कला शाखेच्या अभ्यासक्रमात अधिकृतपणे आले. म्हणजे ४५ वर्षांत निषिद्ध पुस्तकाचं पाठ्यपुस्तक झालं!

अडचण अशी की अ‍ॅरिस्टॉटलच्या मते जगाला सुरुवात नाही, ते कायमच आहे. बायबल म्हणतं, जग देवानं निर्माण केलं. मग वर्गात उभं राहून शिकवायचं काय? डेशियाच्या बोईथियसनं वाट काढली ती अशी: निसर्गाचा अभ्यासक आपल्या शास्त्राच्या गृहीतकांवरून बोलतो आणि त्या चौकटीत त्याला जगाची सुरुवात सिद्ध करता येत नाही, श्रद्धा सांगते ते सत्यच आहे, पण ते त्या शास्त्राच्या हद्दीबाहेरचं आहे. तांपिएंना यात लबाडी दिसली. एकच गोष्ट तत्त्वज्ञानात खरी आणि धर्मात खोटी, अशी दोन सत्यं हे लोक मानतात, असा आरोप त्यांनी केला. तसं स्पष्ट लिहिणारा शिक्षक काही आजवर सापडलेला नाही.

यादी वाचताना मला थांबवतात ती वेगळीच विधानं. तत्त्वज्ञानाला वाहून घेण्यापेक्षा श्रेष्ठ जीवन नाही. जगात शहाणे म्हणावेत असे फक्त तत्त्वज्ञच. हीसुद्धा बंदीत आहेत. म्हणजे भांडण नुसतं आकाशातल्या गोलांचं नव्हतं. धर्मशास्त्राच्या खालच्या पायरीवर बसवलेल्या शिक्षकांना स्वतःच्या कामाला स्वतःची किंमत आहे असं म्हणता येईल का, हा त्यातला खरा सवाल होता.

आता या बंदीची दुसरी बाजू बघा. यादीतली काही विधानं ‘देवाला अमुक करता येणार नाही’ अशा थाटाची आहेत. देव एकाहून अधिक जगं निर्माण करू शकत नाही. देव अख्ख्या विश्वाला सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. हे तर्क अ‍ॅरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्रातून आलेले. तांपिए म्हणाले, देवाच्या सामर्थ्याला मर्यादा घालणारे तुम्ही कोण?

मग झालं काय, तर अ‍ॅरिस्टॉटलनं ‘अशक्य’ म्हणून बाजूला टाकलेल्या गोष्टींची कल्पना करणं भाग पडलं. पोकळीत दगड पडला तर कसा पडेल? दोन जगं असली तर मातीचं ढेकूळ कुठल्या जगाच्या केंद्राकडे जाईल? चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये असे प्रश्न गांभीर्यानं चर्चिले गेले. बरोबर शंभर वर्षांनी, १३७७ मध्ये, निकोल ओरेमनं चक्क फ्रेंचमध्ये लिहून दाखवलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरत नाही हे अनुभवानं सिद्ध करता येत नाही. शेवटी त्यानं पृथ्वी स्थिरच मानली, पण युक्तिवाद लिहून ठेवला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्येर द्युएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं यावरून १२७७ हीच आधुनिक विज्ञानाची जन्मतारीख ठरवली. अलेक्झांडर क्वायरेनं ते सपशेल नाकारलं. मला स्वतःला द्युएमचं म्हणणं फार ताणलेलं वाटतं. फेकलेला दगड हातातून सुटल्यावरही पुढे का जातो, हा ज्याँ ब्युरिदाँचा गाजलेला प्रश्न घ्या. तो सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनंही अ‍ॅरिस्टॉटलविरुद्ध मांडला होता. त्यासाठी कुठल्या बिशपची बंदी लागली नव्हती. बंदीनं काही दारं किलकिली केली, हे मात्र मान्य करावं लागतं. ‘निसर्गात घडत नाही’ आणि ‘मुळात घडूच शकत नाही’ हा फरक या वादांमध्ये घासूनपुसून लख्ख झाला. लायब्निझच्या ‘शक्य जगां’पर्यंत पाश्चात्त्य विचाराला तो पुरला, आणि आजचे कल्पनाप्रयोगही त्याच्यावरच उभे आहेत.

पण या चांगल्या फळाचं श्रेय बंदीला देऊन मोकळं होणं मला पटत नाही, कारण तिची किंमत माणसांनी मोजली. कला शाखेतला सर्वात नावाजलेला शिक्षक ब्राबांतचा सिगर. त्याला १२७६ मध्येच धर्मचौकशीचं बोलावणं आलं होतं. पॅरिसचा वर्ग त्याला पुन्हा मिळाला नाही. काही वर्षांनी इटलीत ओर्व्हिएतोला त्याचा खून झाला. थॉमस अक्वायनस बंदीच्या बरोबर तीन वर्षं आधी, ७ मार्चलाच वारला होता. यादीतली काही विधानं त्याच्याही मतांशी जुळत होती. १३२३ मध्ये तो संत ठरला आणि १३२५ मध्ये पॅरिसच्या तेव्हाच्या बिशपांनी त्याच्यापुरती बंदी मागे घेतली. सिगरसाठी असं कोणी केलं नाही.

केलं ते एका कवीनं. दांतेनं सिगरला थेट स्वर्गात जागा दिली, आणि त्याची ओळख करून देण्याचं काम दिलं अक्वायनसला. हयातीत हे दोघे एकमेकांविरुद्ध लिहीत होते!

पुढच्या लेखात ओरेमच्या पृथ्वीबद्दल सविस्तर लिहीन. तोवर काही शंका असतील तर जरूर विचारा.