आगबोटीचे उन्हाळे

इतिहास म्हटला की तह, लढाया आणि राजेरजवाडे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण मे महिन्याच्या सुटीलाही इतिहास असतो. कोकणातल्या माणसाच्या सुटीचा इतिहास तर आगबोटीच्या भोंग्यापासून सुरू होतो. ऐंशीच्या घरात आल्यावर बाकी पुष्कळ गोष्टी विसरायला होतात. तो भोंगा मात्र अजून ऐकू येतो.

आमचे गाव आंजर्ले. मुंबईहून तिथे जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची आणि हर्णैला उतरायचे. हा भाऊ कोण, असा प्रश्न पोरवयात कधी पडला नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ या गृहस्थांनी १८४१ च्या सुमारास मूळचा धक्का बांधला. माझगावच्या पुढच्या धक्क्याला त्यांचे नाव तेवढे वारशाने मिळाले. हे सारे मी फार पुढे वाचले. तेव्हा आम्हाला धक्का म्हणजे वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे, कोंबड्यांचे खुराडे आणि त्या सगळ्यांवरून ओरडणारे हमाल.

हर्णैचे बंदर उघडे. बोट काठाला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी आम्हा पोरांना पोत्यासारखे उचलून आत ठेवीत. मोठी माणसे त्या क्षणी देवाचे नाव घेत. आम्हाला वाटे, पडाव आणखी थोडा उसळता तर मजा आली असती! शेजारी पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तोही मराठ्यांच्या संगनमताने. आपल्याच आरमाराचा घास आपणच शत्रूच्या ताटात वाढला, हे शाळेत शिकल्यावर मला त्या किल्ल्याकडे सरळ पाहवेना. पण ते असो.

पुढे तरीने खाडी ओलांडायची. पूल पुष्कळ वर्षांनंतर झाला. मग महिनाभर आम्हाला कुणी विचारीत नसे. आगरातला रहाट सकाळी कुरकुरू लागला की जाग यायची. दुपारी पडवीत फणसाच्या आठळ्या भाजायच्या, उन्हात घातलेल्या साठांवरचे कावळे हाकलण्याच्या मिषाने कडेची साठे पोटात घालायची, संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला चढून क्षितिजावरचा बोटीचा धूर शोधायचा. ती कुठली बोट, यावर पैजा लागत.

या सुटीचा शेवट शाळेने ठरवलेला नसे, समुद्राने ठरवलेला असे. मेच्या अखेरीस वारा फिरला की कोकण किनाऱ्याच्या बोटी बंद होत, त्या पावसाळा सरल्यावर पुन्हा सुरू. शेवटची बोट चुकली तर मुंबई गाठायला डोंगराची वाट. म्हणून सुटीचे दिवस शिल्लक असले तरी निघावे लागे. झाडावर आंबे राहिलेले आणि आम्ही पडावात रडणारे, हे दरवर्षीचेच.

बंदराच्या आतली मुंबई–रेवस फेरी मात्र भर पावसातही चाले. तिथेच घात झाला. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या. सकाळी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ तिला वादळाने गाठले. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे काही तासांपर्यंत मुंबईला पत्ताच नव्हता. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी ती बातमी आणली. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर आले होते. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. संतांची नावे दिली म्हणून समुद्र काही सोवळे पाळीत नाही.

‘रामदास’मध्ये माझा धाकटा मामा होता. मी तेव्हा दोन वर्षांचा. घरात त्याचा एक फोटो होता आणि दिव्याच्या अवसेला आई सगळ्या दिव्यांच्या रांगेपासून जरा बाजूला एक समई लावी. ती कोणाची, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. तो विषयच घरात निघत नसे.

आता हिशेब मांडतो तेव्हा वाटते की, आमचे ते निर्धास्त उन्हाळे १९५२ पासूनचे. म्हणजे मामा जाऊन पुरी पाच वर्षेही झाली नव्हती. तरी दर मे महिन्यात आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन त्याच धक्क्यावरून बोटीत चढे. न जाऊन कसे चालेल? सासर तिथे, देव तिथे, म्हाताऱ्या सासूचे डोळे वाटेला लागलेले. धक्का सुटला की ती लुगड्याचा पदर धाकटीच्या मनगटाला बांधी, मला आणि दादाला दोन्ही बाजूंना बसवी आणि मुठीतला नारळ खडक मागे पडल्यावर पाण्यात सोडी. आम्हाला त्या बंदिवासाचा मनस्वी राग येई. एकदा का पदर सुटला, की आम्ही बोटभर मोकळे! आईने मागून कधी ‘पडाल’ अशी हाकसुद्धा मारली नाही. आपली धास्ती तिने आमच्या सुटीत शिरू दिली नाही, ती सगळी त्या पदराच्या गाठीत संपवून टाकी. रात्रीची बोट असली तरी ती कठड्याकडे तोंड करून बसलेली असायची.

पुढे रस्ते झाले, एसटी आली, बोटी थांबल्या. १९९८ पासून तर रेल्वेच कोकणातून आरपार धावू लागली. आम्ही पहिल्यांदा गाडीरस्त्याने गावी निघालो तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. बोट नाही, पडाव नाही, म्हणून मी खट्टू होऊन खिडकीशी बसलो होतो. पनवेल मागे पडले आणि आईची मान माझ्या खांद्यावर कलली. महाडला चहासाठी उठवले तरी ती उठली नाही. थेट दापोली येईपर्यंत ती झोपली होती.