रेडिओनियंत्रित शर्यती बग्गी : सांगाड्याचे रूपांतर

मूळ बग्गीची गिअरपेटी, झुलत्या भुजा, शॉक आणि सुकाणूचे भाग कायम ठेवून, ज्या तळपत्र्यावर ते बसविलेले असतात तो सांगाडा, म्हणजेच चॅसिस, निराळ्या मांडणीचा तयार करणे यास सांगाडा-रूपांतर म्हणतात. प्रस्तुत नोंद एक-दशांश प्रमाणाच्या, केवळ मागील चाकांना गती देणाऱ्या विद्युत् बग्गीपुरती आहे.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील टीम असोसिएटेड या कारखान्याने बाजारात आणलेल्या आरसी१० या बग्गीचा ॲल्युमिनियमचा, काठ दुमडलेला सोनेरी सांगाडा पुढे अनेक हौशी कारागिरांच्या प्रयोगांचा विषय झाला. तिची मोटार मागील आसाच्याही मागे असे. भुसभुशीत मातीवर मागची चाके नुसतीच फिरू नयेत म्हणून वजनाची ही योजना होती. गालिचा व कृत्रिम हिरवळ यांच्या चिकट धावपट्ट्या रूढ झाल्यावर मात्र मागील पकड विपुल आणि पुढील अपुरी अशी स्थिती उद्भवली, आणि मोटार आसाच्या पुढे, मध्यभागी आणण्याची रूपांतरे निघाली. २०१४ मध्ये खुद्द मूळ कारखान्यानेच मागे मोटार असलेली बी५ आणि मध्ये मोटार असलेली बी५एम अशा दोन आवृत्त्या काढल्या.

या स्थलांतरात एक अडचण अटळ असते. गिअरपेटी उलटी फिरवून बसविली की मोटारीच्या त्याच फिरण्याने गाडी मागे धावू लागते. म्हणून एकतर मोटार उलट दिशेने चालवावी लागते, नाहीतर दातेरी चक्रांच्या मालिकेत आणखी एक चक्र घालावे लागते. दुसऱ्या उपायाने मोटार व चाके एकाच दिशेने फिरतात आणि वेग घेताना मागील चाकांवर येणारा भार बदलतो. तेव्हा ही निवड केवळ सोयीची नव्हे, गाडीच्या स्वभावाची आहे.

आराखड्याचा खरा पाया मोजमाप हाच होय. भुजांचे सांधे, शॉकचे टेकू व पुढील भागाचा चढता कोन यांची जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे; वर्नियरने घेतलेली ही मापे कागदावर उतरवून, पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा नमुना बसवून पाहिल्याशिवाय धातूला हात लावणे म्हणजे पत्र्याची नासाडी. बॅटरीसाठी लांबट खाचा ठेवल्यास ती पुढेमागे सरकविता येते. कार्बनतंतूचा पत्रा कापताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने तो ओला ठेवून, तोंडावर मास्क बांधूनच कापावा.

पत्रा कशाचा घ्यावा, हा प्रश्न येथे जालन्यात वेगळा रंग घेतो. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर जुना जालना व नवा जालना अशा दोन वस्त्यांत वसलेले हे पोलादाच्या रोलिंग मिलांचे शहर. तथापि ज्या लोखंडावर शहराची बरकत उभी आहे ते या कामी गैरलागू ठरते. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमची सुमारे २.८, कार्बनतंतूच्या पत्र्याची सुमारे १.६, एवढ्या तफावतीपुढे स्वस्ताईचा युक्तिवाद टिकत नाही. लेथ व ड्रिलवर हात बसलेल्या माणसाला मात्र अडीच मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमवर तीन मिलिमीटर स्क्रूंची भोके पाडून त्यांची डोकी तळाशी सपाट बसविणे कठीण नाही.

जुना जालना परिसरातील कोरड्या, भुसभुशीत काळ्या मातीचा व मुरमाचा विचार करता, प्रस्तुत लेखकाच्या मते, मोटार मध्यभागी आणण्याचा मोह येथे आवरावा. मागील मोटार कायम ठेवून बॅटरीची जागा बदलती करणारे रूपांतरच या भूमीला मानवेल. गाडी उभी करून प्रत्येक चाकाखाली काटा ठेवावा आणि डावे-उजवे वजन समान येईपर्यंत भाग सरकवावेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या वर्गाच्या गाडीला किमान वजनाची मर्यादा असते. नव्या सांगाड्यासह गाडी त्याहून हलकी ठरल्यास तूट पितळी तुकड्यांनी, ज्या बाजूची पकड कमी पडते तेथे, भरून काढतात.