सभेचे त्रैमासिक : एका वार्तापत्राचे चरित्र

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी सेवाभावी मंडळाचे वार्तापत्र हाती पडते, तेव्हा त्यात काय असणार हे न उघडताही सांगता येते. अध्यक्षांचे मनोगत, रक्तदान शिबिराचे छायाचित्र, वह्यावाटप, सत्कार, शेवटी जमाखर्च. हे सारे आवश्यकच. पण संस्थेने आपल्याबद्दलच बोलावे, की ज्यांच्यासाठी ती उभी राहिली त्यांच्याबद्दल? महाराष्ट्रात हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

पुणे सार्वजनिक सभेची स्थापना 2 एप्रिल 1870 रोजी झाली. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीची तक्रार हे निमित्त. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, हा तिचा प्राण. सभासद होण्याची अट मोठी विलक्षण होती. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणणाऱ्यालाच सभासदत्व मिळे. निवडणुका माहीत नसलेल्या काळात ‘तू कोणाच्या वतीने बोलतोस?’ हा प्रश्न सभेने आधी स्वतःलाच विचारला होता.

या प्रश्नाची खरी परीक्षा 1876-78 च्या दुष्काळाने घेतली. सोलापूर-नगरकडचा मुलूख होरपळला. सरकारी कामांवर मजुरी धान्याच्या भावावरून ठरे. सर रिचर्ड टेंपल यांनी ती दिवसाला सुमारे एक पौंड धान्याच्या किमतीपर्यंत खाली आणली, तेव्हा कामावरची माणसे काम सोडून निघाली. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्रे पाठवली. पण पत्र दप्तरात पडले की संपले. माहिती टिकवायची, पडताळायची आणि पुन्हा पुन्हा समोर ठेवायची तर छापील नियतकालिक हवे.

ते 1878 मध्ये निघाले, दर तीन महिन्यांनी, इंग्रजीत. संपादनाची जबाबदारी सीताराम हरी चिपळूणकरांकडे होती. एका भागात सभेचे कामकाज आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार, दुसऱ्या भागात स्वतंत्र लेख. आजच्या वार्तापत्रांत पहिला भाग उरला आहे. दुसरा बहुधा गळाला आहे.

त्या दुसऱ्या भागातले पुष्कळ लेखन न्यायमूर्ती रानड्यांचे. ते सरकारी नोकर, म्हणून लेखांवर नाव नसे. सरकारची नजर त्यांच्यावर होतीच. 1878 मध्ये त्यांची नाशिकला आणि पुढच्या वर्षी धुळ्याला बदली झाली. तरी लेख येत राहिले. रशियातील भूदासांची मुक्तता, प्रशियातील जमीनविषयक कायदे, डचांची जावा बेटावरील शेतीव्यवस्था हे विषय वरवर दूरचे वाटतात. पण त्यांतला प्रश्न दख्खनच्या कुणब्याचाच होता : सावकार आणि सारा यांच्यामध्ये सापडलेला शेतकरी दुसऱ्या देशांत कसा सुटला?

1887 मध्ये अवघ्या एकविशीतले गोपाळ कृष्ण गोखले संपादक झाले. आकडे तपासून घेण्याची शिस्त रानड्यांनी त्यांना इथेच लावली.

या त्रैमासिकाची उणीवही सांगितली पाहिजे. ज्याच्याविषयी ते लिहीत होते, त्याला ते वाचता येत नव्हते. ही सभा शेतकऱ्यांची नव्हे, अशी टीका जोतीराव फुल्यांनी केली, आणि ती निराधार नव्हती. 1877 मध्येच सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर मराठीत ‘दीनबंधु’ चालवू लागले होते, आणि त्याच दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी सत्यशोधकांचे अन्नछत्र उभे राहिले. एकीकडे राज्यकर्त्यांना पुरावा देणारा कागद, दुसरीकडे भुकेल्याच्या पानात पडणारी भाकरी. दोन्हींना सेवाच म्हणावे लागेल, पण त्या एकाच घरात नांदल्या नाहीत.

1895 मध्ये सभेत टिळकपक्षाचे बहुमत झाले. गोखले बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी रानड्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांनी सभेची माणसे खेड्यांत धाडली. दुष्काळी कायद्याने रयतेला कोणते हक्क आहेत, हे ती मराठीत समजावून सांगू लागली. सरकारला निबंध सोसले होते, हे सोसले नाही. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली आणि त्रैमासिकही त्याच सुमारास बंद पडले.

त्या वेळी पाटोदा निजामाच्या मुलखात होते. शेजारचे जामखेड इंग्रजी अमलाखाली, पण बालाघाटावरचा पाऊस काही हद्द ओळखत नव्हता. मांजरा याच तालुक्यात उगम पावते आणि उन्हाळ्यात उगमापाशीच विहिरी तळ गाठतात. आमच्या भागातल्या मंडळांनी टँकर पुरवले, चाऱ्याची सोय केली. त्यांची छायाचित्रे जरूर छापावीत. पण कोणत्या वाडीला किती दिवस पाणी नव्हते, कोणाची जनावरे बाजारात गेली, कोणती पोरे ऊसतोडीला गेल्याने शाळेतून गळली, याची दोन पानेही त्यात असावीत, आणि ती त्या वाडीत वाचून दाखवली जावीत. रानड्यांचा पुरावा आणि फुल्यांची भाषा एका अंकात आली, तर पन्नास सह्यांच्या त्या जुन्या मुखत्यारपत्राचे ऋण थोडे तरी फिटेल.