पेज, मीठ आणि सोडा

आमच्या नागरा गावात रोवणीच्या दिवसांत हगवण हमखास यायची. बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी भाताच्या बांधीत आणि तेच पोटात. म्हातारी माणसं सरसकट हैजाच, म्हणजे कॉलराच, म्हणत आणि मरीमायचं नाव हळू आवाजात घेत. माझी आजी मात्र चुलीवर पेज चढवायची. तांदूळ पार गळेपर्यंत शिजवायचा, वरचं पातळ पाणी गाळायचं, त्यात मीठ. घोट-घोट पाजायची आणि घडीघडी एकच विचारायची, "मुतली का पोरगी?"

पुढे मी परिचारिका झाले. शिकताना ऐकलं ते उलटंच: जुलाबात पोटाला आराम द्या, पेज-बिज हा खेडवळ प्रकार. मीही मान डोलावली. त्याची लाज अजून जात नाही.

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात दीड वर्षाचं एक लेकरू आलं. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. मी घाबरले ते त्याच्या श्वासाने. खोल, भराभर, लोहाराचा भाता चालावा तसा. मला वाटलं न्यूमोनिया. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "छाती साफ आहे. रक्त आंबट झालंय."

निरोगी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. म्हणजे किंचित आम्लारीकडे झुकलेलं, आणि शरीर ते तिथेच धरून ठेवतं. रक्तातला बायकार्बोनेट, म्हणजे खायच्या सोड्यातलाच अंश, आम्ल झेलतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून काही मिनिटांत भार हलका करतात. मूत्रपिंडं आम्ल लघवीवाटे काढतात आणि नवा बायकार्बोनेट घडवतात, पण त्यांना तास नाही, दिवस लागतात. जुलाबातून पाणी जातं तसा हा सोडाही वाहून जातो. त्या लेकराची लघवी आटली होती, मूत्रपिंडं बसली होती. सगळा भार एकट्या श्वासावर.

जुलाबात रक्तातून काय जातं, हे कोडं तसं लवकर सुटलं होतं. १८३१च्या अखेरीस इंग्लंडात हैजा आला, तेव्हा ओशॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. त्यात पाणी कमी, मीठ कमी, सोडाही कमी. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरात थॉमस लाटा या डॉक्टरने मीठ आणि सोडा घातलेलं पाणी थेट शिरेत सोडलं. नाडी लागत नव्हती असे रोगी बोलू लागले. तरी ही रीत मागे पडली. १९१०च्या सुमारास मनिलात सेलार्ड्स नावाच्या डॉक्टरने हैज्यात रक्त आंबट होतं हे पुन्हा दाखवलं. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स शिरेतून तीव्र मिठाचं पाणी देत होते. लघवी बंद पडून माणसं दगावत, म्हणून त्यांनीही पुढे सोडा जोडला. ऐंशी वर्षांनी गाडी पुन्हा लाटाच्याच बाटलीपाशी.

१९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत हैजा पसरला आणि सलाइन संपलं. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी शिरेऐवजी तोंडाने द्यायच्या पुड्या बांधून घेतल्या: लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. पाजायला नातेवाईकच. मृत्यू ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

आमच्याकडे आलेल्या सुरुवातीच्या पुड्यांत तोच सोडा असायचा. इथल्या पावसाळ्यात त्या ओल धरत. फोडावी तर आत पिवळट ढेकूळ, आणि बाया विचारत, "हे सडलं का, सिस्टर?" १९८४ पासून पुड्यांच्या सूत्रात सोड्याऐवजी ट्रायसोडियम सायट्रेट आलं, लिटरला २.९ ग्रॅम. ते पुडीत टिकतं आणि शरीरात गेल्यावर त्याचाच बायकार्बोनेट होतो. हा बदल मला फार हुशारीचा वाटतो.

मग आजीच्या पेजेत काय होतं? मीठ होतं. तांदळाच्या पिठुळातून आतड्यात ग्लुकोज सुटतं आणि ते मिठातल्या सोडियमला हाताला धरून आत नेतं, मागोमाग पाणी. सोडा मात्र नव्हता. सलाइन लागावं इतकं कोणी खंगलं, तर तिची पेज पुरायची नाही, आणि तशी काही पोरं गावात गेलीही. पण वेळेवर पाणी पोचलं की मूत्रपिंडं जागी होतात आणि सोडा स्वतःच घडवू लागतात.

त्या दीड वर्षाच्या लेकराला रात्रभर सलाइन चाललं. पहाटे डॉक्टर आले. नाडी बघायच्या आधी त्यांनी आईला विचारलं, "लघवी केली का याने?"

तिने ओला पदर दाखवला.