फुकट आणि मुक्त

इंग्रजींतील 'फ्री' या एकाच शब्दावर दोन अगदीं भिन्न अर्थांचा भार पडतो. मराठींत मात्र फुकट तें निराळें आणि मुक्त तें निराळें. हा भेद आपल्या भाषेनें आयताच हातीं दिला असतां संगणकाच्या व्यवहारांत आपण तो विसरतों, आणि ज्याचे पैसे कोणी मागितले नाहींत त्यास कांहीं खर्चच नाहीं असें समजून चालतों. हा समज कितपत खरा आहे, हें आम्ही इतिहासाच्या आधारें पाहूं इच्छितों.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या कांठचें खराडी हें पूर्वी हवेली तालुक्यांतील एक शेतीचें गांव. १९९७ सालीं तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि आज तेथील उंच इमारतींतून देशोदेशींच्या बँकांचीं व कंपन्यांचीं कामें संगणकांवर चालतात. अशा कामांत लिनक्ससारखीं विनामूल्य साधनें सर्रास वापरलीं जातात. परंतु त्यांची निगा राखणारीं माणसें विनामूल्य मिळत नाहींत.

प्रारंभीं सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नव्हतीच. मोठें यंत्र घेणारास तें यंत्राबरोबर मिळे. अर्थात् त्याचा खर्च यंत्राच्या भाड्यांतच मिळविलेला असे. २३ जून १९६९ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें हे दोन हिशेब वेगळे करण्याचें जाहीर केलें, तेव्हां आजवर फुकट भासलेल्या वस्तूचें मोल उघड झालें. पुढें सॉफ्टवेअर हा कुलूपबंद माल होत चालला. त्याविरुद्ध १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. त्यांचा आग्रह मुक्ततेचा होता. आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची व वांटण्याची मोकळीक असावी, मग तिचे पैसे घेतले तरी त्यांची हरकत नव्हती. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि या चळवळीस चालतें यंत्र मिळालें.

पण मुक्त झालेली वस्तु कोणाच्या श्रमांवर उभी आहे, हें जगानें फारसें विचारलें नाहीं. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचें रक्षण करणारी 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली असंख्य संस्था फुकट वापरीत होत्या. एप्रिल २०१४ मध्यें तींत 'हार्टब्लीड' नांवाचा दोष आढळला, तेव्हां कळलें कीं, तिच्यावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच, आणि देणग्या वर्षाकाठीं सुमारें २००० डॉलर! त्याच महिन्यांत लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकारानें मोठ्या कंपन्यांनीं वर्गणी काढली. हिशेब दिसला म्हणून तो भरतां तरी आला.

जें फुकट आहे पण मुक्त नाहीं, त्याचा हिशेब मात्र सहसा दिसत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० काढली आणि विंडोज ७ व ८.१ च्या ग्राहकांस ती एक वर्षपर्यंत विनामूल्य देऊं केली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नेहमीची देखभाल संपली. २०२१ सालीं आलेली विंडोज ११ हीदेखील जुन्या ग्राहकांस विनामूल्यच. परंतु तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे अपडेट फुकट, पण तें घेण्यास यंत्र नवें! एखाद्या कुटुंबानें मुलांच्या शिक्षणासाठीं काटकसर करून घेतलेला, उत्तम चालणारा संगणक अशा रीतीनें एका ठराविक तारखेस निकामी ठरूं लागतो, आणि त्याचा निर्णय त्या घरांत झालेला नसतो.

पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनें २००७ सालीं लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह दिली. तिचा खर्च सार्वजनिक पैशांतून झाला, म्हणजे आपण सर्वांनींच सोसला. त्यांत गैर कांहीं नाहीं. रस्ते आणि ग्रंथालयें अशींच उभीं राहतात. जुन्या संगणकावर लिनक्स बसविणारासही कांहीं फुकट मिळत नाहीं. यंत्राचे पैसे वांचतात, पण शिकण्यास वेळ द्यावा लागतो, आणि अडचण आल्यास जाणकार शोधावा लागतो. तरी हा खर्च आधीं दिसतो, आणि तो करावा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार आपल्या हातीं राहतो. आमच्या मतें मुक्ततेचा खरा लाभ तो हाच.