बिनबैलाची शर्यत

आमच्या माळशिरस भागात शर्यत म्हटली की ती बैलगाडीची. त्यामुळे २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आलेल्या भाच्याने खिशातून तळहाताएवढं यंत्र काढलं आणि "मामा, यात गाड्यांची शर्यत आहे" असं जाहीर केलं, तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्म्यावरून पाहत पहिला प्रश्न विचारला, "बैलं कुठायत?"

यंत्राचं नाव गेम बॉय ॲडव्हान्स, खेळाचं मारिओ कार्ट सुपर सर्किट. दोन्ही २००१ सालची. बनवणारी निन्टेंडो ही क्योतोची कंपनी १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी निघाली होती, हे मला मागाहून कळलं. पत्त्यांपासून सुरुवात करणारा कुठवर जाईल याचा नेम नाही, असं आई अण्णांकडे बघून नेहमी म्हणायची. तिला जपानची काही माहिती असेल असं वाटलं नव्हतं.

"वैरण काय लागती ह्याला?"

"दोन पेन्सिल सेल, आजोबा. पंधरा तास चालतं."

अण्णा गप्प झाले. पंधरा तास पळणारा बैल त्यांच्या पाहण्यात नव्हता.

त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. म्हणजे चालायला वीज नको, पण रात्री दिसायला हवी! भारनियमनाचे दिवस. म्हणून आम्ही अंगणातल्या लिंबाजवळ, ऊन सरकेल तसे सरकत खेळायचो. भाचा जाताना यंत्र मला देऊन गेला. आठ गाड्यांत मी नेमाने आठवा यायचो. वर्गात मुलांना जिद्दीवर निबंध लिहायला सांगणाऱ्या मास्तराची ही कथा!

अण्णांचा मुख्य आक्षेप तात्त्विक होता. "फिरून तिथंच यायचं, तर गेलाच कशाला?" तरी चार दिवस माझ्या खांद्यावरून बघून त्यांनी एक गोष्ट ओळखली. "ह्यो बुटका उठतो लवकर, पण वेगाला कमी. त्यो माकड उठतो सावकाश, पण सरळ रस्त्याला ऐकत न्हाई. बैलाचं असंच असतं." खेळाच्या माहितीपत्रकात हेच होतं. मी ते वाचलं नव्हतं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं.

मग ७ मे २०१४ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींनाही बंदी घातली. शेपट्या पिरगळणं, टोचणं, मारणं या गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या अण्णांनाही आवडत नव्हत्या. "मारून पळतो त्यो बैल न्हवं, आन् मारतो त्यो गाडीवान न्हवं," एवढंच ते म्हणाले. छकडा गोठ्याच्या भिंतीला उभा राहिला. आषाढात पुरंदवड्याच्या रिंगणात माउलींचा अश्व धावताना बघायचा, तेवढीच त्यांची वर्षाची दौड.

एका दुपारी म्हणाले, "ती बिनबैलाची आण रं."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. वळण आलं की अख्खे अण्णा वळायचे. बाजेवरून दोनदा पडले. नाणी गोळा केली की गाडीचा वेग वाढतो आणि धडक बसली की नाणी सांडतात, हे त्यांना पटलं. "संसार हाय," म्हणाले. मागे पडलेल्याच्या हाती एक निळं काटेरी कवच लागतं, ते थेट पहिल्या नंबरवाल्याला शोधत जातं, हे तर फारच पटलं. त्यांनी आयुष्यभर गावकीचं राजकारण पाहिलं होतं. पण नंबर आला तरी यंत्र खाली ठेवताना एकच म्हणायचे, "बंदी उठू दे. खरी दावतो तुला."

२०१९ साली अण्णा गेले. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटी घालून महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही मान्य केला. मित्रांनी बोलावलं, माझा पाय निघाला नाही.

परवा कपाट आवरताना यंत्र सापडलं. नवे सेल घातले, लिंबाजवळ उन्हात बसलो. अंगठ्याखालचं बटण गुळगुळीत झालेलं. माझ्या खेळाने ते तसं होणं शक्य नव्हतं. मी अण्णांचा माकड निवडला. पहिल्याच वळणाला अख्खा वाकलो. आतून बायको ओरडली, "अहो, पडाल!"

पडलो नाही. आठवाच आलो. पुढच्या रविवारी मात्र खरी शर्यत बघायला जाणार आहे. अण्णांनी सांगून ठेवलंय.