नीळकंठ : दसऱ्याच्या शकुनाचा इतिहास

विजयादशमीस शिवेबाहेर जावे, नीळकंठाचे दर्शन घ्यावे आणि मग आपट्याचे सोने वाटावे, हा परिपाठ वऱ्हाडात वडीलधाऱ्यांनी चालवीत आणिला आहे. वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा व आसपासच्या गावांतील ज्ञातिबांधवांस तो नव्याने सांगावयास नको. परंतु या शकुनामागील परंपरा किती प्राचीन आहे, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

या पक्ष्याचे संस्कृत नाव चाष. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९७ व्या सूक्तात यक्ष्मरोगास या चाषासवे उडून जाण्यास सांगितले आहे. अमरकोशानेही त्याची नोंद घेतली आहे. मराठीतील ‘चास’ हे त्याच नावाचे रूप होय. पुढे लोकांनी त्यास शिवाचे नाव दिले. वस्तुतः त्याचा कंठ निळा नाही. तो तपकिरी, जांभळट छटेचा आहे. निळाई आहे ती पंखांत, आणि ती पक्षी उडाला म्हणजेच पूर्णपणे प्रकटते.

हेच पंख त्याला घातक ठरले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय स्त्रियांच्या टोप्यांसाठी त्याच्या पिसांचा मोठा व्यापार चाले. अखेर १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीस बंदी घातली. खेदाची गोष्ट ही की, आपल्याच देशात काही ठिकाणी दसऱ्यास पारधी लावून पक्षी धरावयाचा आणि पैसे घेऊन त्याचे दर्शन घडवावयाचे, अशीही चाल पडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा अपराध ठरला आहे. कायदा नसता तरी, बांधलेल्या पक्ष्याचे दर्शन हा शकुन कसला?

नाकतोडे, भुंगेरे यांवर जगणारा हा पक्षी शेतकऱ्याचा सोबती आहे. तो जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतो. बांधावरील अशी झाडे तुटत चालली, पिकांवर विषारी औषधांची फवारणी वाढली. देशातील पक्ष्यांविषयीच्या २०२३ च्या अहवालानुसार सुमारे बारा वर्षांत नीळकंठांची संख्या ३० टक्क्यांनी घटली आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे की, सोयाबीनची सोंगणी आटोपून दसऱ्यास नीळकंठ शोधावयास निघताना, आपल्या बांधावर ढोलीचे एक तरी जुने झाड उभे आहे की नाही, हेही पाहावे. ज्याच्याकडे शकुन मागावयाचा, त्याचे घर राखणे हाच त्या परंपरेचा खरा मान होय.